परसातला अर्धा गुंठा



संक्रांत झाली की आमची पावले सुरू उसाच्या लागणीकडे वळतात. 15 डिसेंबर ते 15 फेब्रुवारी हा सुरू लागणीचा काळ. बेणे कोणते, बेणेप्रक्रिया केली का, सरी किती फुटांची काढली, हे विचारत आम्ही गटागटांतून फिरतो. फिरता फिरता सभासदाच्या घरी चहा होतो, आणि चहा घेताना आमचे लक्ष हटकून घराच्या मागच्या बाजूला जाते. अलीकडे तिथे बहुधा काय दिसते? ट्रॅक्टरचे जुने टायर, फुटकी पाइप, वाळलेले गवत आणि मोरीचे साचलेले पाणी. आणि त्याच वेळी घरची माणसे आठवडे बाजाराची पिशवी शोधत असतात!

अहो, पाच-पाच, दहा-दहा एकर उसाचे धनी आपण. वर्षाला शेकडो टन ऊस गव्हाणीत टाकतो, आणि कोथिंबिरीची जुडी मात्र बाजारातून घासाघीस करून आणतो. याला काय म्हणावे? ऊसबिल वर्षातून एकदा, फार तर दोन-तीन हप्त्यांत मिळते. घरची कढई मात्र दिवसातून दोनदा चुलीवर चढते. हंगामी पैशावर रोजची भाजी चालवायची म्हटले की पहिली काटछाट भाजीवरच होते. पिठलं-भाकरी, आमटी-भात, वर लोणचे. पोट भरते, पण अंग भरत नाही.

म्हणून या अंकात उसाऐवजी परसबागेविषयी चार गोष्टी सांगायच्या असे आम्ही ठरवले. आमच्या शेतकी खात्याचा हा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. पण उसाची जमीन, उसाचे पाणी, उसाचे पाचट आणि उसावरची औषधे या सगळ्यांचा त्या परसातल्या अर्ध्या गुंठ्याशी थेट संबंध आहे. तो कसा, हे पुढे येईलच.

भाजी किती लागते?

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आहाराचे मार्गदर्शन प्रसिद्ध करते. 2011 च्या मार्गदर्शनात माणशी रोज 300 ग्रॅम भाजी सांगितली होती. 2024 साली तो आकडा 400 ग्रॅमवर नेला. पाच माणसांच्या घराला हिशेबाने रोज 2 किलो आणि महिन्याला 60 किलो भाजी झाली. आपल्यापैकी किती घरांत एवढी भाजी शिजते, हे ज्याने त्याने मनाशी मोजावे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. ही पाहणी बागायती आणि जिरायती असा भेद करीत नाही. उसाच्या हिरव्यागार पट्ट्यातही, जिने सकाळपासून खुरपे धरले तीच घरधनीण जिना चढताना धापा टाकते. तिला गोळ्या द्याव्या लागतील, डॉक्टरला दाखवावे लागेल, ते खरेच. पण रोजच्या ताटातल्या पालेभाजीला पर्याय नाही. आणि घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर कढईत उरते तेवढीच तिची भाजी, ही रीत असेल तर भाजी मुबलक असल्याशिवाय तिच्या ताटात काही पडत नाही.

जागा आणि आखणी

एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब नि 33 फूट रुंद जागा. आम्ही अर्धाच गुंठा मागतो, म्हणजे 33 फूट बाय साडेसोळा फूट. एकराचा ऐंशीवा भाग! तेवढी जागा घराजवळ, दिवसातून निदान सहा तास ऊन येईल अशी निवडावी. घराजवळ यासाठी की, भाकरी तव्यावर असताना मिरची तोडून आणता आली पाहिजे. मळ्यात दूरवर लावलेली भाजी बाजारच्या भाजीइतकीच लांब असते.

उंच वाढणारे वेलांचे मांडव उत्तरेच्या कडेला करावेत, म्हणजे त्यांची सावली वाफ्यांवर पडत नाही. पश्चिमेला एक शेवगा लावावा. चैत्र-वैशाखात दुपारचे ऊन तो अंगावर घेतो आणि पालेभाज्या वाचतात. मधल्या जागेत तीन फूट रुंदीचे वाफे करावेत. तीनच फूट का? दोन्ही बाजूंनी हात पुरतो, वाफ्यात पाय द्यावा लागत नाही, माती दबत नाही. वाफ्यांच्या मध्ये दीड फुटाची वाट ठेवावी. कुंपण मात्र पक्के हवे. शेळी नि कोंबडी यांच्याइतके पालेभाजीचे दर्दी दुसरे कोणी नाही.

जमीन चोपण किंवा खारवट झाली असेल, आणि आपल्या नदीकाठच्या बऱ्याच बागायती गावांत ती झाली आहे, तर सुरुवात पालक, बीट आणि गवारीने करावी. ही पिके क्षार बऱ्यापैकी सोसतात. घेवडा मात्र अशा जमिनीत लावून निराश होऊ नये. त्याला खार अजिबात मानवत नाही.

खत, प्रेसमड आणि पाचट

शेणखत चांगले कुजलेलेच वापरावे. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या अळ्या परसात येतात. खत पसरताना घमेल्यातच हाताने चाळवून पाहावे. पांढरी, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली अळी दिसली की कोंबड्यांपुढे टाकावी. कारखान्याचे प्रेसमडही चालते, पण ताजे नको. ताजे प्रेसमड कुजताना गरम होते आणि कोवळी रोपे भाजतात. शेणाबरोबर खड्ड्यात तीन-चार महिने कुजवून, काळे, भुसभुशीत, वास नसलेले झाले की मग वाफ्यात मिसळावे.

पाचटाविषयी आम्ही बोलून बोलून थकलो, तरी आणखी एकदा बोलतो. पाचट जाळू नका. खोडव्यात त्याचा उपयोग आहेच, पण दोन-चार भारे परसात आणून टाका. हातभर लांबीचे तुकडे करून भेंडी-वांग्यांच्या ओळींत दोन-तीन इंच थर द्यावा. खोडापासून चार बोटे जागा मोकळी सोडावी. पाणी कमी लागते, तण दबते आणि वैशाखात मुळ्या तापत नाहीत. वाळवी दिसली तर थर तेवढ्यापुरता बाजूला करावा.

युरियाचा हात मात्र आवरावा. उसाला पोत्याने टाकायची सवय असलेला हात परसात मुठीनेही जास्तच टाकतो. पाला काळाभोर दिसतो खरा, पण त्या लुसलुशीत पाल्यावर मावा आधी धावतो.

पाण्याचा हिशेब

“उसालाच पाणी पुरत नाही, भाजीला कुठले?” हा प्रश्न आम्हांला दर गावी विचारला जातो. त्याचे उत्तर आकड्यांतच दिलेले बरे. अर्धा गुंठा म्हणजे सुमारे 50 चौरस मीटर. एप्रिलच्या कडक उन्हात भाजीपाल्याला दिवसाला 6 मिलिमीटर पाणी धरले, तर रोज 300 लिटर लागते. दोनशे लिटरचे दीड पिंप. आता उसाकडे पाहा. एक एकराला पाटाने एक पाळी देताना 8 सेंटिमीटर पाणी बसले असे धरले, तर ते होते सुमारे 3 लाख 24 हजार लिटर. म्हणजे एका एकराच्या एका पाळीच्या पाण्यात हा अर्धा गुंठा जवळजवळ तीन वर्षे भिजतो! पाणी कमी आहे हे खरे. पण परसाला द्यायला नाही, हे खरे नव्हे.

ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांनी जुन्या नळीचे तुकडे वापरावेत. तीन फूट उंचीच्या ओट्यावर पिंप ठेवले तरी एवढ्या जागेला पाणी आपोआप उतरते. ज्यांच्याकडे नाही त्यांनी सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना द्यावे. दुपारी देऊ नये.

न्हाणीचे नि मोरीचे पाणी वाया घालवू नये, पण ते कुठे सोडायचे हे समजून घ्यावे. साबणाचे पाणी कोथिंबीर, मुळा, काकडी यांसारख्या कच्च्या खाण्याच्या भाजीला देऊ नये. त्याच्या वाटेवर केळ, पपई आणि अळू लावावे. आपल्या आज्या न्हाणीमागे अळूच का लावत होत्या, ते आता कळेल.

काय पेरावे, कधी पेरावे

थंडी ओसरली की, म्हणजे जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेर, उन्हाळी भाज्यांची पेर करावी. त्याआधी भेंडी टोकली तर गारठ्यात ती उगवतच नाही, आणि मग बियाणेवाल्याला शिव्या बसतात.

भेंडी – बी रात्रभर भिजत घालून, ओळीत एक-एक फुटावर टोकावे. चाळीस-पन्नास झाडे घराला पुरे. पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा केवडा रोग भेंडीचा मोठा वैरी. परभणी कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ आणि बेंगळुरूच्या संस्थेची ‘अर्का अनामिका’ हे वाण त्याला बऱ्यापैकी तोंड देतात. तरी एखादे झाड पिवळे पडलेच तर ते तत्काळ उपटावे. पांढरी माशी तो रोग शेजारच्या झाडावर नेते. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत तोडणी सुरू होते, आणि मग एक दिवसाआड तोडलीच पाहिजे. चार दिवस लग्नाला गेलात तर भेंडीची काठी होते.

गवार – ‘पुसा नवबहार’ हा जुना, खात्रीचा वाण. उन्हाला न घाबरणारे पीक. पाणी जास्त झाले तर मात्र नुसताच पाला वाढतो.

वेल – काकडीचे ‘हिमांगी’ नि ‘फुले शुभांगी’, कारल्याचा ‘हिरकणी’, दुधीचा ‘सम्राट’ हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे वाण आपल्या भागात चांगले येतात. काकडीचे चार, दोडक्याचे दोन-तीन, कारल्याचे दोन, दुधीचा एक नि लाल भोपळ्याचा एक वेल पुरे. भोपळा उकिरड्याच्या कडेला लावून छपरावर सोडावा. कारल्याच्या बियांचे कवच टणक असते. चोवीस तास कोमट पाण्यात ठेवून ओल्या फडक्यात बांधावे, कोंब फुटला की आळ्यात लावावे.

वेलांविषयी एक तक्रार नेहमीची: “फुलं येतात नि गळून जातात, औषध सांगा.” अहो, तो रोग नव्हे. वेलाला आधी नर फुले येतात, ती गळणारच. ज्या फुलाच्या मागे बोटभर कोवळे फळ असते ते मादी फूल. नराचे पराग मादीवर नेण्याचे काम मधमाश्या करतात. दोडक्याची नि दुधीची फुले तर संध्याकाळी उमलतात. म्हणून फुलोऱ्यात वेलावर औषध मारणे म्हणजे आपल्याच मजुराला हाकलणे. मधमाश्या दिसत नसतील तर नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादी फुलावर हलके टेकवावे. एवढे काम घरातली शाळकरी पोरे हौसेने करतात.

पालेभाज्या – तांदुळजा, राजगिरा, माठ, पालक, अंबट चुका, कोथिंबीर. सगळे एकदम पेरू नये. दर पंधरा दिवसांनी एकच लहान वाफा पेरावा, म्हणजे भाजी रोज मिळते. माठ-तांदुळजा पंचवीस-तीस दिवसांत कापणीला येतो. धने पेरण्याआधी पायताणाखाली रगडून दोन फाके करावेत. मार्चनंतर कोथिंबीर मांडवाच्या सावलीतच पेरावी, नाहीतर लगेच तुऱ्यावर येते.

याशिवाय वांग्याची सहा-सात, टोमॅटोची आठ-दहा नि मिरचीची पाच-सहा रोपे. कडेला कढीलिंब आणि एक कागदी लिंबू. लिंबाचे झाड का हवे, ते स्वयंपाकाच्या भागात सांगतो.

ज्यांना परसात जागाच नाही, त्यांनी सुरू लागणीच्या सरीत दोन-चार ओळींपुरती मेथी, कोथिंबीर किंवा कांदा घ्यावा. मोठ्या बांधणीच्या आत तो निघून जातो. पण तिथेच पुढचा धोका आहे.

तणनाशकाचा पंप परसात नको

हा भाग सर्वांनी, विशेषतः फवारणी करणाऱ्या तरुण मंडळींनी, दोनदा वाचावा.

मागे एका सभासदाच्या घरी आम्हांला बोलावणे आले. टोमॅटोची पाने बारीक, दोरीसारखी लांबट झालेली, शेंडे पिळवटलेले, घेवड्याची पाने वाटीसारखी वळलेली. घरच्यांना वाटले विषाणू रोग. दुकानातून तीन औषधे आणून मारली होती. आम्ही विचारले, “पंप कोणता?” तर उसात टू-फोर-डी मारलेलाच पंप दोनदा पाण्याने विसळून परसात आणला होता.

टू-फोर-डी हे रुंद पानाच्या तणांचे औषध. ऊस गवताच्या कुळातला, म्हणून तो तगतो. पण टोमॅटो, वांगी, भेंडी, घेवडा, दोडका, काकडी ही सगळी रुंद पानांची. त्यांना त्याचा थेंबही पुरतो. पंपाच्या नळीत नि वायसरात ते चिकटून राहते. नुसत्या विसळण्याने जात नाही. वाऱ्याने फवारा उडूनही बांधापलीकडची भाजी आजारी पडते. तेव्हा –

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा, त्यावर रंगाने खूण करावी.

घराकडे वारा वाहत असताना उसात तणनाशक मारू नये.

ज्या सरीत भाजीचे आंतरपीक घ्यायचे तिथे ॲट्राझीन मारू नये. ते मातीत बरेच दिवस टिकते. तिथे खुरपणीच करावी.

ॲट्राझीन मारलेल्या फडातली माती परसातल्या वाफ्यांसाठी आणू नये. काकडी नि घेवडा तिथे उगवून पिवळे पडतात.

उसात टाकायची दाणेदार कीटकनाशके परसात कधीही वापरू नयेत. फोरेटवर तर 2020 सालअखेर देशात बंदी आली. कुणाच्या माळ्यावर जुनी पिशवी पडली असेल तर ती वापरू नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये. औषधाच्या रिकाम्या डब्यांतून पाणी घालण्याची सवयही सोडावी.

मग किडीचे काय करायचे? परस लहान आहे, हाच त्याचा फायदा. वांग्याचा शेंडा मलूल दिसला की आत अळी आहे असे समजून तो कापून जाळावा. काकडी-कारल्यात फळमाशीने अळ्या केल्या तर गळालेली फळे गोळा करून दोन फूट खोल पुरावीत. माव्यासाठी 5 टक्के निंबोळी अर्क पुरतो: अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजत ठेवाव्यात, सकाळी फडक्याने गाळून एकूण 10 लिटर करावे, किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाला झाडाखाली सडा पडतो तेव्हा वेचून ठेवाव्यात. त्या पैशाच्या नाहीत. वेलांवर उन्हाळ्यात गंधकाची भुकटी धुरळू नये, पाने करपतात.

परडीतून कढईत

आता भाजी आली, ती शिजवायची कशी? हे आम्ही सांगावे असे नाही. आपल्या घरच्या माता-भगिनी आमच्यापेक्षा जास्त जाणतात. पण गावोगावी जे खाल्ले, विचारून घेतले, त्यातले थोडे इथे मांडतो.

पहिले काही नियम. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर सत्त्व पाण्याबरोबर जाते. शिजवलेले पाणी फेकू नये, आमटीत घालावे. लोखंडी कढई असेल तर ती अडगळीतून काढावी. त्यात शिजवलेल्या भाजीत लोह उतरते. मात्र आंबट भाजी त्यात तशीच ठेवू नये, शिजली की काढून घ्यावी. पालेभाजीवर लिंबू पिळावे, त्याने पाल्यातले लोह अंगी लागते. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तासभर थांबावे. चहा ते लोह अडवतो.

शेवग्याचा पाला – शेंगा सगळेच खातात, पाला मात्र शेळीला जातो. कोवळा पाला देठावरून ओरबाडून, धुऊन, चिरून घ्यावा. तेलात लसूण, हिरवी मिरची नि कांदा परतावा, भिजवलेली मूगडाळ घालावी, ती अर्धवट शिजली की पाला नि मीठ घालून झाकण ठेवावे. भाकरीबरोबर वाढताना लिंबाची फोड द्यावी.

दोडका नि त्याच्या शिरा – दोडक्याच्या शिरा काढून टाकू नयेत. त्या बारीक करून थोड्या तेलात कुरकुरीत होईतो परताव्यात. भाजलेले तीळ, सुके खोबरे, लाल मिरची, मीठ घालून चटणी कुटावी. आठवडाभर टिकते. फडावर न्यायच्या डब्याला उत्तम.

गवार – शिरा काढून मोडावी. फोडणीत चिमूटभर ओवा टाकावा, म्हणजे पोटाला जड होत नाही. शिजत आली की शेंगदाण्याचे कूट नि आपल्याच उसाच्या गुळाचा खडा.

अंबट चुका – हरभऱ्याची डाळ नि शेंगदाणे घालून शिजवावा, घोटावा, थोडे बेसन लावावे, गुळाने चव सांभाळावी, वरून लसणाची चुरचुरीत फोडणी. ही पातळ भाजी नि ज्वारीची भाकरी असली की उन्हातून आलेला माणूस शांत होतो.

काकडी – बारीक चोचवून पाणी हलके पिळावे, दाण्याचे कूट, कोथिंबीर, मीठ, साखर, लिंबू घालावे. वर तुपाची जिरे-मिरचीची फोडणी. पिळलेले पाणी ताकात घालून प्यावे.

लाल भोपळ्याचे घारगे – किसून गुळात शिजवावा, कोमट झाल्यावर मावेल तेवढी कणीक, थोडे तांदळाचे पीठ नि तेलाचे मोहन घालून मळावे, जाडसर थापून तळावेत. शाळेत जाणाऱ्या मुलांना डब्यात बिस्किटाऐवजी हे द्यावेत.

एक सावधगिरी. दुधी किंवा काकडी शिजवण्याआधी कापून जिभेच्या टोकाला लावून पाहावी. कारले कडू असणारच; पण दुधी कडवट लागला तर तो टाकून द्यावा. वाया जातो म्हणून खाऊ नये, आणि आरोग्यासाठी म्हणून त्याचा रस तर मुळीच पिऊ नये. कडू दुधीच्या रसाने विषबाधा होते, माणसे दगावल्याच्या घटना देशात घडल्या आहेत.

भाजी जास्त झाली की चैत्र-वैशाखाचे ऊन वाया घालवू नये. गवार मीठ लावून वाळवावी, मिरच्या ताकात भिजवून सांडगी कराव्यात. आषाढात बाजाराची वाट चिखलाने बंद होते तेव्हा हेच डबे उघडतात. त्याउपर उरले तर शेजारी द्यावे. हंगाम संपेपर्यंत आपल्या फडात तोडणीची टोळी असते. कोपीत राहणाऱ्या त्या माउलीला कुठली परसबाग? पहाटे भाकरी थापून ती कोयता घेते. तिच्या पाटीत माठाची जुडी नि चार वांगी टाकली तर आपले काही उणे होत नाही.

बी घरचे

दर वर्षी सगळे बी विकत घेऊ नये. भेंडी, गवार, चवळी, वाल, माठ यांचे चांगल्यातले चांगले एक-दोन झाड न तोडता राखावे. शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात, बी काढून उन्हात सुकवून, राखेत घोळून काचेच्या बाटलीत घट्ट बुचाने ठेवावे. संकरित बियाण्याचे बी मात्र राखू नये, पुढच्या पिढीत ते फाटते. वेलांचे बी राखायचे तर त्या जातीचा एकच वाण परसात असावा, नाहीतर सरमिसळ होते.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या या बाईंनी ते काम घरच्या परसापासून सुरू केले, हे आपण ध्यानात घ्यावे.

काम कोणी करायचे?

शेवटी एक स्पष्ट बोलणे. आमचा हा लेख वाचून कोणी सभासद घरात जाऊन “उद्यापासून परसबाग लाव” असा हुकूम सोडणार असेल, तर त्याने लेख वाचला नसता तरी चालले असते. पहाटेच्या दुधापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत जिचे हात रिकामे नाहीत, तिच्या डोक्यावर आणखी एक काम आम्हांला टाकायचे नाही. खणणे, कुंपण, मांडव, खत वाहणे आणि रोजचे पाणी ही पुरुषांची कामे. उसाला रात्री दोन वाजता दारे धरणाऱ्या माणसाला परसात अर्धा तास पाणी घालणे जड नाही. काय लावायचे, कधी तोडायचे, कुणाला द्यायचे, हे मात्र तिने ठरवावे. या बागेची नोंद सात-बारावर नाही, आमच्या ऊस नोंदीच्या वहीतही नाही. निदान या अर्ध्या गुंठ्यावर तरी तिची सत्ता असू द्यावी. आणि पहिल्या तोडीची भाजी तिच्या ताटात आधी पडावी.

सुरू लागणीसाठी बैल किंवा ट्रॅक्टर दारात येईलच. त्याच दिवशी परसातून दोन तास फिरवून घ्यावा. पंधरा फेब्रुवारीच्या आत भेंडी-गवार टोकली, तर गुढीपाडव्याच्या सुमारास घरची भाजी ताटात येते. वाण, वाफे किंवा किडीविषयी काही विचारायचे असेल तर गट कार्यालयात यावे, नाहीतर ऊस पाहायला आमचा चिटबॉय येईल त्याच्याकडे निरोप द्यावा. उसाची पाहणी झाली की परसाकडेही एक चक्कर मारू. चहाऐवजी ताकातले काकडीचे पाणी दिलेत तरी चालेल!

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते